कासव उचलावे कसे, न्यावे कसे: वाचकांचे प्रश्न

मागील अंकात घरातील प्राण्यांच्या उन्हाळ्यातील काळजीविषयी लिहिले होते. त्यानंतर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांमध्ये कासवांविषयीची पत्रे बरीच होती, आणि त्यांतील बहुतेक प्रश्न कासवाला हाताळण्याविषयीचे होते. खाण्यापिण्याचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवले आहेत. पत्रलेखकांची नावे प्रसिद्ध केलेली नाहीत.

प्रश्न: आमच्याकडे पुण्याच्या नातेवाइकांनी दिलेले आफ्रिकन सुल्काटा जातीचे कासव आहे आणि त्याची नोंद आमच्या नावावर झालेली आहे. त्याची लांबी साधारण वीतभर आहे. माझा नऊ वर्षांचा मुलगा त्याला सारखा उचलतो. उचलले की ते जोरात पाय झाडते, आणि कधी कधी लघवी करते. उचलण्याची योग्य पद्धत कोणती? (एक पालक, जुळे सोलापूर)

उत्तर: पद्धत सांगण्याआधी कवचाविषयी सांगतो, कारण कवच म्हणजे काय हे समजले की हात आपोआप हलका होतो. कासवाची पाठ म्हणजे त्याच्या अंगावर बसवलेले झाकण आहे, असा समज लहानांचाच नव्हे तर मोठ्यांचाही असतो. प्रत्यक्षात बरगड्या आणि पाठीचा कणा रुंदावून, एकमेकांशी जोडले जाऊन हे कवच तयार झालेले असते. आपली नखे ज्या केराटिनची असतात, त्याच द्रव्याचा थर त्यावर असतो आणि त्याखालच्या जिवंत हाडात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. त्यामुळे कवचावर नुसते बोट फिरवले तरी कासवाला ते कळते, टिचकी मारली तर ती जाणवते आणि कवचाला तडा गेला तर हाड मोडल्याइतक्याच वेदना होतात.

आता उचलण्याविषयी. कासवाजवळ जाताना समोरून किंवा बाजूने, त्याला दिसेल अशा रीतीने जावे आणि शक्यतो खाली बसावे. निसर्गात लहान कासवांवर पक्षी वरून झडप घालतात, त्यामुळे डोक्यावरून अचानक आलेल्या हाताची त्याला धास्ती वाटते. दोन्ही हात त्याच्या दोन्ही बाजूंना, पुढचा पाय आणि मागचा पाय यांच्या मधल्या जागेत ठेवावेत. अंगठे पाठीवर आणि बाकीची बोटे पोटाकडच्या कवचाखाली असावीत. मग दोन्ही हातांनी सावकाश, अंग एका बाजूला न कलंडू देता, पाण्याने काठोकाठ भरलेली परात नेताना आपण जसे सांभाळतो तसे सांभाळून उचलावे. एका हाताने, पाठीच्या कडेला धरून, किंवा पाय अथवा शेपटी पकडून त्याला कधीही उचलू नये. पाय आत घेण्याच्या पोकळ्यांत बोटे जाऊ देऊ नयेत. कासव पाय आत ओढते तेव्हा त्या जागेत बराच जोर असतो आणि लहान मुलांची बोटे त्यात चेमटू शकतात.

ते पाय झाडते याचे कारण पायांखालची जमीन नाहीशी होते, हे आहे. आपल्या कासवाएवढ्या आकारात एक तळहात पोटाखाली सपाट ठेवून दुसऱ्या हाताने पाठीवर हलका आधार दिला, तर बहुतेक वेळा ते काही क्षणांत शांत होते. शांत झाले नाही, तर हट्टाने धरून ठेवण्यापेक्षा लगेच खाली ठेवावे. घरातील कासवे अनेकदा उंचावरून पडून जखमी होतात आणि पाय झाडत असतानाच ती हातातून निसटतात. म्हणून आपल्या घरी एक नियम कायमचा करावा, अशी माझी विनंती आहे. मुलाने कासव उचलायचे असेल तर जमिनीवर मांडी घालून बसावे, समोर सोलापुरी चादरीची चौपदरी घडी घालावी, आणि त्या घडीपासून चार बोटांहून उंच कासव नेऊ नये. कासव हातात घेऊन उभे राहणे, चालणे, जिना चढणे ही कामे फक्त मोठ्या माणसांची.

लघवीचा मुद्दा आपण लिहिलात हे फार बरे झाले, कारण त्याकडे कोणी लक्ष देत नाही. कोरड्या प्रदेशातील कासवे मूत्राशयात पाणी साठवून ठेवतात आणि पाण्याच्या टंचाईत त्यावर निभावतात. घाबरली की ती हा साठा सोडून देतात. अमेरिकेतील मोहावी वाळवंटात तेथील कासवांना वाटेत दिसले तरी उचलू नये, असे लोकांना याच कारणासाठी सांगितले जाते. घरातील कासवाला पाणी सहज मिळते, म्हणून लगेच जिवावर बेतत नाही. तरीही उचलल्यानंतर त्याने लघवी केली, तर पसरट भांड्यात कोमट पाणी घेऊन, ते त्याच्या हनुवटीच्या खाली राहील इतक्याच पातळीपर्यंत भरून, पंधरा-वीस मिनिटे त्याला त्यात ठेवावे, आणि त्या वेळात जवळून हलू नये.

मुलाला कासवाचा लळा आहे, हे पत्रावरून दिसते. कासवाला मात्र मांडीवर घेतलेले आवडत नाही, ते फक्त सहन करते. सफाई, वजन, तपासणी किंवा जागा बदलणे एवढ्यासाठीच त्याला उचलावे. एरवी मुलाने जमिनीवर बसून त्याच्या पुढ्यात पाने ठेवावीत आणि ते जवळ येईपर्यंत वाट पाहावी. पाने ताटलीत द्यावीत, बोटांत धरून देऊ नयेत, कारण पान आणि बोट यांतील फरक त्याला प्रत्येक वेळी कळेलच असे नाही. महिन्यातून एकदा वजन करून वहीत टिपून ठेवण्याचे काम मुलाकडे सोपवले तर त्याला हाताळण्याची रीतही येईल आणि कासवाच्या प्रकृतीची नोंदही राहील.

एक गोष्ट आताच ध्यानात घ्यावी. सुल्काटा ही जगातील सर्वांत मोठ्या भू-कासवांपैकी एक जात आहे. पूर्ण वाढलेल्या नराची लांबी ७५ ते ८० सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकते, वजन ४० ते ५० किलो आणि काही वेळा त्याहूनही अधिक भरते, आणि आयुष्य ७० वर्षांहून अधिक असू शकते. आज वीतभर असलेले हे कासव उद्या दोन माणसांनी पुढून आणि मागून कवचाखाली हात घालून, कंबर न वाकवता गुडघ्यात वाकून उचलावे लागेल. नराच्या गळ्याखाली कवचाचा पुढे आलेला टोकदार भाग असतो. तो पकडून त्याला ओढू नये. त्या वयात हातांनी उचलण्यापेक्षा कडा असलेल्या ढकलगाडीवर त्याला स्वतः चढू देणे अधिक चांगले.

प्रश्न: मे महिन्यात आम्ही मोटारीने पुण्याला राहायला जात आहोत. आमचे कासव (हेही सुल्काटा, नोंदणी केलेले) सोबत न्यायचे आहे. पोत्यात घालून नेले तर चालेल का? वाटेत पाणी आणि खाणे द्यावे का? (एक वाचक, होटगी रस्ता)

उत्तर: पोते अजिबात नको. पोत्यात अंगाला आधार मिळत नाही, कासव उलटे झाले तर ते बाहेरून कळत नाही, आणि धाग्यांत नखे अडकून उपटली जातात. उलटे होणे ही किरकोळ बाब नव्हे. कासवाला आपल्यासारखे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) नसते, त्याची फुप्फुसे पाठीच्या कवचाला लागून असतात, आणि उलट्या अवस्थेत पोटातील सगळ्या अवयवांचा भार फुप्फुसांवर येतो. थोडा वेळ उलटे राहिलेले निरोगी कासव सावरते. बराच वेळ, आणि तेही उष्ण जागेत, राहिलेले कासव दगावू शकते.

त्यासाठी प्लास्टिकचे अपारदर्शक क्रेट किंवा जाड पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. बाहेरचे हलते दृश्य दिसले की कासव भिंतीवर धडका देत राहते आणि अंधारात ते शांत बसते. म्हणून पारदर्शक डबा टाळावा. सर्व बाजूंना हवेसाठी भोके पाडावीत आणि भोकांच्या कडा आतून खरखरीत राहणार नाहीत हे पाहावे. खोके प्रशस्त असावे असे आपल्याला वाटते, पण प्रवासात त्याचा उपयोग उलटा होतो, कारण मोकळ्या जागेत कासव ब्रेक लागला की घसरून आदळते. त्याला फक्त वळता येईल एवढीच जागा पुरे. तळाशी वर्तमानपत्राचे थर आणि त्यावर जुन्या सुती धोतराची किंवा साडीची घडी अंथरावी. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही, त्यामुळे सगळ्यांचा हात आधी टर्किश टॉवेलकडे जातो, परंतु त्याच्या फासेदार विणीत नखे गुंततात. येथे साधा सपाट विणीचा कपडाच हवा. झाकण दोरीने किंवा पट्ट्याने बांधावे. सुल्काटा ताकदवान असते आणि सैल झाकण सहज उचकटते.

आता उन्हाविषयी, कारण मे महिन्यातील सोलापूर–पुणे प्रवासात खरा धोका तोच आहे. कासव आपल्या शरीराचे तापमान स्वतः राखू शकत नाही, सभोवतालचे तापमान तेच त्याचे तापमान होते. निसर्गात ते सावलीत किंवा बिळात जाऊन स्वतःला वाचवते, खोक्यात त्याला तो मार्ग नसतो. त्याच्या शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की जिवाला धोका निर्माण होतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतील पारासुद्धा ४० च्या पुढे असतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत अर्ध्या तासात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंशांनी चढू शकते, आणि काच चार बोटे उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

तेव्हा पहाटे पाचला निघावे. अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे, म्हणजे ऊन तापण्याच्या आत पुण्यात पोहोचता येते. खोके पुढच्या आसनामागे, पायाकडच्या सपाट जागेत ठेवावे. डिकीत ठेवू नये आणि खिडकीच्या काचेशी ऊन लागेल असेही ठेवू नये. वातानुकूलन चालू असावे, पण त्याचा झोत थेट खोक्यावर येऊ देऊ नये. आपल्याला मोटारीत जेवढे सुखद वाटते, तेवढेच तापमान चार-पाच तासांसाठी त्यालाही चालते. टेंभुर्णी, इंदापूर किंवा भिगवणला चहासाठी थांबायचे झाल्यास एक माणूस मोटारीत, वातानुकूलन चालू ठेवून, बसून राहिला पाहिजे. दोन मिनिटांचे थांबणे कधी दोन मिनिटांत संपत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. एखाद्या वेळी वातानुकूलन बंद पडले, तर गोठवलेल्या पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून खोक्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवावी, अंगाला लागेल अशी आत ठेवू नये.

पाण्याचे भांडे आत ठेवू नये. ते सांडते, आणि कासव ओल्या चिखलात तासन्‌तास बसते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याला कोमट पाण्यात ठेवून भरपूर पाणी पिऊ द्यावे, आणि त्या दिवशी खाणे कमी द्यावे. निरोगी कासवाला चार-पाच तास अन्न-पाण्याविना काही होत नाही. पोहोचल्यावर पुन्हा कोमट पाण्यात ठेवावे आणि मग नव्या जागी सोडावे. नव्या घरात ते काही दिवस खाल्ल्यावाचून राहिले, तर घाबरून जाऊ नये, पण नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, डोळे सुजणे यांपैकी काही दिसले तर पशुवैद्यांकडे न्यावे. नोंदणीच्या कागदपत्रांची प्रत प्रवासात जवळ असू द्यावी.

शहरातल्या शहरात दवाखान्यात नेण्यासाठी दुचाकीच असेल, तर मागे बसणाऱ्याने खोके मांडीवर दोन्ही हातांनी धरावे. पिशवी हँडलला अडकवणे धोक्याचे आहे, आणि आसनाखालच्या कप्प्यात ठेवणे त्याहून वाईट, कारण तेथे इंजिनाची धग पोहोचते.

प्रश्न: आमचे कासव गच्चीच्या पायरीवरून खाली पडले आणि पाठीवर चीर पडली आहे. थोडे रक्तही आले. शेजाऱ्यांनी हळद भरून वरून एम-सील लावायला सांगितले आहे. लावावे का? (एक वाचक, विडी घरकुल)

उत्तर: लावू नये, आणि हे उत्तर छापून येण्याची वाटही पाहू नये, म्हणून आपल्याला टपालाने आधीच कळवले आहे. इतर वाचकांसाठी येथे लिहितो.

चीर पडली म्हणजे हाड मोडले आणि जखम उघडी झाली. त्यावर एम-सील, फेविक्विक किंवा तत्सम काही लावले, तर आत गेलेली घाण आणि जंतू कायमचे कोंडले जातात, आणि वरून सारे नीट दिसत असताना आतून जखम चिघळत जाते. हळदीची पूड चिरेत जाऊन बसते आणि नंतर पशुवैद्यांना ती काढून जखम धुणे अवघड होते. कापसाचे तंतूही असेच चिकटतात. करायचे ते इतकेच: स्वच्छ गॉज सलाइनमध्ये भिजवून चिरेवर हलक्या हाताने ठेवावा, रक्त येत असेल तर थोडा वेळ दाबून धरावा, कासवाला माती नसलेल्या खोक्यात कोऱ्या सुती कापडावर ठेवावे, पाण्यात बसवू नये, आणि खोक्यावर जाळीचे कापड बांधावे. जाळीचे महत्त्व फार आहे. आपल्याकडील उष्ण हवेत उघड्या जखमेवर माश्या अंडी घालतात आणि लवकरच अळ्या पडतात. मग त्याच दिवशी, पोटाखाली सपाट फळी किंवा जाड पुठ्ठा घेऊन, वळसा-पिळा न देता, दवाखान्यात न्यावे.

येथे एक सूचना अगदी आवर्जून करतो. गाई-गुरांना आणि कुत्र्यांना जंत व गोचीड यांसाठी सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध कासवांना विषारी ठरते. कासव नेहमी न पाहणाऱ्या दवाखान्यात गेल्यास ही गोष्ट नम्रपणे बोलून दाखवावी, यात डॉक्टरांचा अवमान नाही. तुटलेले कवच मोठे असेल, क्ष-किरण चित्राची गरज असेल, तर उदगीर आणि शिरवळ येथील शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांचा विचार करता येतो. आधी दूरध्वनी करून कासवावर उपचार होतील का, हे विचारून मगच निघावे. कवचाची जखम भरायला महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. बहुतेक वेळा ती भरते मात्र, जर सुरुवातीला ती कोंडली नसेल तर.

प्रश्न: देवळात गाभाऱ्यापुढे कासव असते, त्याला आपण नमस्कार करतो. आमच्या सासूबाई घरातील कासवालाही रोज हळदी-कुंकू लावतात आणि पाठ चमकावी म्हणून खोबरेल तेल चोळतात. यात काही अपाय आहे का? (एक गृहिणी, शुक्रवार पेठ)

उत्तर: सासूबाईंची भावना आदराची आहे आणि तिचा मान राखूनच सांगायला हवे. तेलावर धूळ बसते, खवल्यांच्या सांध्यांत मळ साचतो आणि तेथे बुरशी धरू शकते. कुंकवात अलीकडे रासायनिक रंग असतात आणि ते कासवाच्या डोळ्यांत व तोंडाजवळ जातात. शिवाय रोज लावण्यासाठी रोज धरावे लागते, जे त्याला त्रासाचे आहे. नखांना लावायचा रंग, तैलरंग, चिकटवलेले मणी यांचेही तेच, कारण हाडे बळकट राहण्यासाठी त्याला सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अंगावर घ्यावे लागतात. काही जण हरवू नये म्हणून कवचाच्या कडेला भोक पाडून दोरी बांधतात. ते जिवंत हाडाला भोक पाडणे आहे, आणि तसे कोणी करताना दिसल्यास कृपया थांबवावे. सासूबाईंनी त्याच्यासमोर ताटलीत जास्वंदीचे फूल ठेवावे. जास्वंद त्याला चालते, आणि ते आवडीने खाईलही.

प्रश्न: मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेले, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले पाण्यातील कासव आता हाताच्या पंजापेक्षा मोठे झाले आहे. पाणी बदलताना ते ओरबाडते आणि चावायला येते. ते सिद्धेश्वर तलावात सोडावे असा विचार आहे. (एक विद्यार्थी, सात रस्ता)

उत्तर: ते रेड-इअर्ड स्लायडर आहे, आणि त्याला तलावात सोडू नये, ही विनंती मी अतिशय कळकळीने करतो. ही जात अमेरिकेच्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील आहे. जगभर पाळण्यासाठी विकली गेली आणि नंतर जागोजागी तळ्यांत सोडली गेली, त्यामुळे स्थानिक कासवांचे खाणे, उन्हाला बसण्याच्या जागा बळकावणारी उपद्रवी जात म्हणून ती ओळखली जाते. आपल्या तलावांतील देशी कासवांनी हा भार का सोसावा? ठेवणे अशक्यच असेल तर ते सांभाळू शकणारी व्यक्ती शोधावी किंवा वनविभागाचा सल्ला घ्यावा.

धरताना हात मागच्या बाजूने, मागच्या पायांच्या किंचित पुढे दोन्ही कडांना असावेत. जमिनीवरच्या कासवासारखे मधोमध धरले तर त्याची लांब नखे मनगटापर्यंत पोहोचतात. ओले कवच निसरडे असते, म्हणून कोरड्या सुती कापडाने धरावे आणि टाकीवरून थेट बादलीत, कमीत कमी उंचीवरून न्यावे. लांब न्यायचे झाल्यास पाण्याच्या डब्यात नेऊ नये. हिंदकळणाऱ्या पाण्यात त्याची दमछाक होते. ओलसर कापड अंथरलेला, हवेशीर डबा पुरतो.

हात साबणाने धुणे हा भाग बहुतेक घरांत राहून जातो. दिसायला निरोगी असलेल्या कासवांच्या अंगावरही साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात आणि त्यामुळे जुलाब व ताप येतो. लहान मुले छोटी कासवे तोंडात घालतात आणि आजारी पडतात म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये ४ इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. त्याची टाकी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये, आणि पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध माणसे यांनी ते हाताळू नये.

प्रश्न: आमच्याकडे पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले कासव आहे. घर बदलायचे आहे, ते सुरक्षित कसे न्यावे? (एक वाचक, बाळे)

उत्तर: आपण वर्णन केलेले कासव भारतीय तारा कासव, म्हणजे स्टार कासव, दिसते. ते नेण्याची पद्धत मी सांगणार नाही, कारण ते घरात ठेवणेच कायद्याने गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि हे कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन ते कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आहे. कारण उघड आहे: आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या माळरानांवरून ही कासवे पिशव्यांत कोंबून, पायांना चिकटपट्टी लावून नेली जातात आणि त्यांतील अनेक वाटेतच मरतात. दुकानदाराने आपल्याला हे सांगितले नसेल, हे मी समजू शकतो.

वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर आपणहून दूरध्वनी करावा आणि वकिलांचा सल्ला हवा असेल तर तोही घ्यावा. पण भीतीपोटी रात्री जाऊन ते संभाजी तलावात किंवा हिप्परग्याच्या तलावात सोडण्याचा विचार मनात आणू नये. तारा कासव जमिनीवर राहणारे आहे, त्याला पोहता येत नाही. पाण्यात सोडले की ते बुडून मरते. पुण्य म्हणून असे सोडल्याच्या हकिकती ऐकल्या की फार वाईट वाटते. वनविभागाची माणसे येईपर्यंत ते सावलीतील कोरड्या खोक्यात, पसरट ताटलीत पाणी देऊन, कमीत कमी हात लावत ठेवावे.

प्रश्न: पावसाळ्यात आमच्या शेताजवळच्या ओढ्यातून कासवे वर येतात, रस्त्यावर दिसतात. गेल्या वर्षी एक सापडले तर गावातले काही जण ते उलटे करून नखे मोजू लागले. वीस नखांचे असेल तर लाखोंना जाते म्हणाले. अशा वेळी आम्ही काय करावे? (एक शेतकरी, मोहोळ तालुका)

उत्तर: नखे मोजण्याने कोणाला धन मिळाल्याचे एकही उदाहरण नाही. त्या अफवेपायी कासवे पकडली जातात, पकडणारे तुरुंगात जातात, आणि कासव तेवढा वेळ उलटे, उन्हात, श्वासासाठी धडपडत राहते. उलटे पडलेले दिसले तर झटका न देता, एका कुशीवरून हळूहळू सरळ करावे. आपल्या भागातील नदी-ओढ्यांत मऊ कवचाची कासवेही असतात. त्यांची मान अनपेक्षित लांब असते आणि मागे वळून चावा घेऊ शकते. म्हणून हात अगदी मागच्या कडेला ठेवावेत, किंवा हात न लावता घमेल्यात फावड्याच्या पाठीने सावकाश सरकवून घ्यावे.

रस्ता ओलांडत असेल तर ते ज्या दिशेने निघाले होते त्याच दिशेला पलीकडे, जमिनीलगत नेऊन सोडावे. आपल्याला बरी वाटणारी लांबची विहीर किंवा शेततळे शोधू नये. उलट दिशेला सोडले तर ते पुन्हा त्याच रस्त्यावर येते. स्वतःचे वाहन आधी बाजूला घेऊन दिवे चमकत ठेवावेत, मगच खाली उतरावे. कठडा असलेल्या विहिरीत पडलेले कासव दिसल्यास दोरीने सोडलेली टोपली पाण्यात अर्धी बुडवून ठेवावी, ते दमले की तिच्यावर चढते. जखमी असेल तर ओलसर गोणपाटाने झाकून घमेल्यात ठेवावे आणि १९२६ वर कळवावे. घरी नेऊन हौदात ठेवू नये, आणि ज्यांनी नखे मोजली त्यांच्या हाती तर मुळीच देऊ नये.